घरात दोन पालक, कागदावर एकच

समलिंगी जोडप्यांनी किंवा ट्रान्सजेंडर व्यक्तींनी मूल वाढवावे का, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी भविष्यकाळात विचारला जातो. परवानगी दिली तर समाजाचे काय होईल, मुलांच्या मनावर काय बिंबेल, अशा भाषेत चर्चा चालते. ऐकणाऱ्याचा समज असा होतो की अशी घरे अजून अस्तित्वातच आलेली नाहीत आणि आपण सर्वांनी होकार दिला तरच ती उद्या उभी राहतील. वस्तुस्थिती वेगळी आहे. ही मुले आजच मुंबईत, पुण्यात, बंगळुरूत आणि लहान गावांतही शाळेत जात आहेत, गृहपाठ करत आहेत, तापाने आजारी पडत आहेत. त्यांतली कित्येक आईच्या किंवा वडिलांच्या आधीच्या, घरच्यांनी लावून दिलेल्या लग्नातली आहेत. काहींना एकल पालक म्हणून अर्ज करून दत्तक घेतले गेले, काही दात्याच्या शुक्राणूंच्या साहाय्याने जन्माला आली आणि काही कोणाचीच उरली नव्हती तेव्हा एखाद्या तृतीयपंथी व्यक्तीने त्यांना पदरात घेतले. म्हणून आज खरा प्रश्न असा आहे की, या मुलांच्या आयुष्यात जे दोन पालक प्रत्यक्ष आहेत, ते दोन्ही त्यांना कायद्यानेही मिळावेत की नाही. मिळावेत, असे माझे ठाम मत आहे आणि त्याचे मुख्य कारण मुलाचे हित हेच आहे. हेच हित पुढे करून एरवी या घरांना विरोध केला जातो, म्हणूनच ते नीट तपासून पाहणे आवश्यक आहे.

आधी कायदा काय आहे ते पाहू. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अविवाहित किंवा घटस्फोटित व्यक्तीला मूल दत्तक घेता येते. एकल स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, तर एकल पुरुषाला फक्त मुलगा. अर्जदाराचा लैंगिक कल कोणता, असा प्रश्न हा कायदा कुठेही विचारत नाही. मात्र दोघांना मिळून दत्तक घ्यायचे असेल, तर २०२२ च्या दत्तक विनियमांतील विनियम ५(३) आडवा येतो. किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक नाते असल्याशिवाय जोडप्याला मूल देता येणार नाही, असे तो सांगतो. समलिंगी जोडप्यांना विवाहच करता येत नसल्याने ही अट त्यांना कधीही पूर्ण करता येत नाही. त्याच वर्षी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाने, म्हणजे ‘कारा’ने, लिव्ह-इन नात्यात राहणाऱ्या एकल अर्जदारालाही अपात्र मानणारी भूमिका परिपत्रकाद्वारे घेतली. सरोगसीचा मार्ग २०२१ च्या कायद्याने विवाहित स्त्री-पुरुष जोडप्यांपुरता आणि ठरावीक वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रियांपुरता ठेवला आहे. साहाय्यक प्रजननाच्या कायद्यानुसार अविवाहित स्त्रीला उपचार घेता येतात, पण जन्मलेल्या मुलाच्या आयुष्यात दुसरी आई असू शकते हे त्या कायद्याला ठाऊकच नाही.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम विचित्र आहे. एकट्याने दत्तक घ्यायला मुभा, दोघांनी घ्यायला बंदी. म्हणजे एक समलिंगी व्यक्ती पालक म्हणून योग्य ठरू शकते, पण तिच्यासोबत आणखी एक जबाबदार, कमावता, मायेचा माणूस घरात आला की ते घर मुलासाठी अयोग्य होते. मुलाच्या हिताचा कोणताही विचार या निष्कर्षापर्यंत पोहोचू शकत नाही, आणि व्यवहारात या नियमाने लपवाछपवीला आमंत्रण मिळते. दत्तक संस्थेची समाजकार्यकर्ती होम स्टडीसाठी घरी येणार म्हटले की जोडीदाराचे कपडे, फोटो, दुसरा टूथब्रश आवरून ठेवावा लागतो आणि जोडीदाराने त्या दिवशी बाहेरच राहायचे असते. ज्या भेटीचा हेतू मूल कोणत्या घरात जाणार आहे हे नीट समजून घेण्याचा, तिच्यात घरातला निम्मा भाग दडवावा लागतो. खोटेपणा त्या जोडप्याच्या स्वभावात नसतो. मूल मिळण्याचा एकमेव रस्ता नियमानेच तसा आखून दिला आहे.

मूल घरात आल्यावर हीच गोष्ट त्याच्या वाट्याला येते. माझ्या परिचयातील एका घरात दोघी जणी मुलीला वाढवत आहेत. एक आई, दुसरी मूळची कर्नाटकातली, तिला मुलगी अम्मा म्हणते. मुलगी आता चौथीत आहे. शाळेच्या सहलीचा संमतीचा फॉर्म घरी आला, तेव्हा तीच अम्माला समजावून सांगत होती, “अगं, इथे फक्त आईचं नाव लिही. तुझं लिहिलंस तर बाई विचारत बसतात.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. छत्री घेतली का, असे एखाद्याने विचारावे, तितक्या सहजपणे ती बोलली. शाळेतून मुलांना नेणाऱ्यांसाठी जे ओळखपत्र असते, त्यावर अम्माच्या नावापुढे नाते म्हणून ‘मावशी’ असे लिहिले आहे. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या घराची कोणती बाजू कोणापुढे मांडायची याचे भान आले आहे, आणि ते भान तिला घरातल्या कोणी शिकवलेले नाही, बाहेरच्या रकान्यांनी शिकवले आहे. तिची आई कामासाठी परगावी असताना तिला पोटदुखीने रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर अम्माची सही चालली नाही. आईशी फोनवर बोलणे होऊन संमती मिळेपर्यंत सगळे थांबले. सुदैवाने उशीर फार झाला नाही. पण आई विमानात असती तर काय?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात निकाल दिला. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास पीठाने एकमताने नकार दिला, पण दत्तकाच्या मुद्द्यावर पीठ तीन विरुद्ध दोन असे विभागले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी विनियम ५(३) घटनाबाह्य ठरवला. केवळ विवाहित स्त्री-पुरुषच मुलाला स्थैर्य देऊ शकतात असे दाखवणारे कोणतेही साहित्य न्यायालयापुढे आलेले नाही, असे सरन्यायाधीशांनी नोंदवले. बहुमताने हा विनियम कायम राखला. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या.

बहुमताच्या बाजूने न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी मांडलेला युक्तिवाद मला या विषयावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वाटतो आणि त्याला बगल देणे योग्य होणार नाही. त्याचा गाभा असा की, विवाहामुळे पती-पत्नींवर कायदेशीर जबाबदाऱ्या येतात. नाते तुटले तर ताबा, पोटगी, निवारा यांविषयी कायद्याची चौकट तयार असते. विवाह नसलेल्या जोडप्याने मूल दत्तक घेतले आणि ते वेगळे झाले, तर मुलाला हे संरक्षण मिळणार नाही. हा विचार मुलाच्या बाजूने केलेला आहे, हे मान्य करायला हवे. परंतु तो त्याच्या शेवटापर्यंत नेला, तर उलट दिशेला पोहोचतो. आज दोघींपैकी एकीचेच नाव दत्तकाच्या आदेशावर असते. उद्या त्या वेगळ्या झाल्या, तर दुसरी स्त्री दहा वर्षे आई म्हणून वागूनही एका दिवसात मोकळी होऊ शकते. तिच्यावर मुलाच्या पालनपोषणाची कोणतीही सक्ती नाही. आणि तिला मोकळे व्हायचे नसेल, मुलाला भेटत राहायचे असेल, तर तिला तोही अधिकार नाही. नाते तुटल्यावर मूल उघड्यावर पडू नये ही चिंता असेल, तर दुसऱ्या पालकाला कायद्याच्या बाहेर ठेवणे हा तिच्यावरचा उपाय कसा असू शकेल? त्याला आत घेऊन जबाबदारीने बांधणे, हाच उपाय आहे. एकल दत्तकानंतर प्रत्यक्षात उभ्या राहिलेल्या अशा कुटुंबांतील मूल लाभांपासून वंचित राहू शकते आणि ‘कारा’ने व केंद्र सरकारने याचा विचार करावा, हे तर बहुमताच्या निकालपत्रातही म्हटलेले आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्याच वर्षी शिधापत्रिका आणि संयुक्त बँक खात्यांविषयी काही स्पष्टीकरणे आली. ती स्वागतार्ह आहेत. पण एका शिधापत्रिकेवर नावे असलेल्या दोघांपैकी एकाचेच मूल, ही स्थिती त्याने बदललेली नाही.

विवाहाचा प्रश्न सुटल्याशिवाय पालकत्वाचा प्रश्न सुटणार नाही, असे अनेकांना वाटते. आपल्याच कायद्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ ने अवैध विवाहातून जन्मलेल्या मुलांना औरस मानले, कारण आईवडिलांच्या विवाहातील दोषाची शिक्षा मुलाला होऊ नये. मुलाला पोटगी देण्याचे कर्तव्य फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने पूर्वीपासून सांगितले आहे, आणि आईवडिलांचे लग्न झालेले होते का, हे ते विचारत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित आईला, मुलाच्या वडिलांचे नाव उघड न करता, एकटीने पालकत्व मिळवण्याचा मार्ग मोकळा केला. या प्रत्येक टप्प्यावर कायद्याने मोठ्यांच्या नात्याबद्दलचे आपले मत बाजूला ठेवून मुलाकडे पाहिले आहे. एवढीच दृष्टी आता आणखी काही घरांकडे वळवायची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये दीपिका सिंह खटल्यात न्यायालयाने कुटुंब अविवाहित जोडीदारांचे किंवा क्वीअर, म्हणजे समलिंगी वा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या, नात्यातलेही असू शकते आणि अशा कुटुंबांनाही कायद्याचे संरक्षण मिळायला हवे, असे म्हटले होते. इटलीचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. तिथे समलिंगी विवाह आजही नाही, केवळ नागरी सहजीवनाची नोंद होते. २०२३ मध्ये पादुआ शहरात सरकारी वकिलांनी तीसहून अधिक मुलांच्या जन्मदाखल्यांवरून दुसऱ्या आईचे नाव खोडण्याची मागणी केली, तेव्हा शाळकरी वयाच्या मुलांना आपली एक आई कागदावरून जाणार हे कळले. मे २०२५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निर्णय दिला की परदेशात कायदेशीर साहाय्यक प्रजननातून झालेल्या मुलाला जन्मापासून दोन्ही आया मिळाल्या पाहिजेत. विवाहाचा कायदा होता तिथेच राहिला आणि मुलाचा प्रश्न सुटला.

‘मृत्युपत्र करून ठेवा, म्हणजे झाले,’ असा व्यवहारी सल्ला अशा जोडप्यांना नेहमी मिळतो. सल्ला उपयोगाचा आहेच, पण मृत्युपत्रावर विसंबून वाढणाऱ्या मुलाची स्थिती किती नाजूक असते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, आणि तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, १८७४ मध्ये दत्तक घेतले. समाजाच्या लेखी त्या मुलाला वडील नव्हते, जात नव्हती. त्याचा हक्क शाबूत राहावा म्हणून १८८७ मध्ये जोतीरावांना रीतसर मृत्युपत्र करावे लागले. तरीही १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेतापुढे नेण्याचे मडके, धरण्याच्या यशवंतच्या अधिकारालाच नातलगांनी हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. महाराष्ट्रातल्या सर्वांत धैर्यवान पालकांच्या मुलाला जर प्रेतापुढे उभे राहताना आपले नाते सिद्ध करावे लागले, तर ज्यांच्या नात्याला कायद्याचा एक कागदही नाही त्यांच्या मुलांवर मामा-काकांच्या दाव्यांपुढे काय प्रसंग येत असतील, याचा विचार व्हावा.

आता मुलांच्या मनाविषयी. ‘मुलाला आई हवी आणि बाप हवा’ हे वाक्य इतके स्वयंसिद्ध वाटते की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. पण आपल्याच घरांत पाहिले तर आजी, विधवा आत्या, न लग्न केलेली मावशी, थोरली बहीण यांनी वाढवलेली माणसे प्रत्येक पिढीत आहेत, आणि त्यांचे संगोपन अपुरे झाले असे म्हणण्याची आपली छाती होणार नाही. संशोधनही याच बाजूचे आहे. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात लेस्बियन आयांच्या मुलांचा जन्माआधीपासून माग ठेवला गेला. २०१८ मध्ये, ही मुले पंचविशीत असताना, त्यांच्या मानसिक आरोग्याची तुलना त्याच वयाच्या इतरांशी केली गेली आणि लक्षणीय फरक आढळला नाही. या अभ्यासातली कुटुंबे थोडी आहेत आणि स्वेच्छेने सहभागी झालेली आहेत, ही त्याची मर्यादा सांगितलीच पाहिजे. पण इतक्या दीर्घ काळाचा माग असणे ही त्याची ताकदही आहे. उलट निष्कर्षासाठी सर्रास उद्धृत होणारा मार्क रेग्नेरस यांचा २०१२ चा अभ्यास मुळातच तुलनेत घसरतो. पालकांपैकी एकाचे कधीतरी समलिंगी नाते होते अशी मुले त्यात घेतली गेली. त्यांतल्या बहुतेकांनी आईवडिलांची ताटातूट सोसलेली होती आणि त्यांची तुलना न मोडलेल्या घरांतील मुलांशी केली गेली. घर मोडण्याचे दुःख पालकांच्या लैंगिकतेच्या खाती जमा झाले.

ऑस्ट्रेलियात सायमन क्राउच आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा कुटुंबांतील ५०० मुलांची माहिती होती. सर्वसाधारण आरोग्य आणि कुटुंबातील एकोपा यांत ही मुले इतरांपेक्षा मागे नव्हती, किंबहुना किंचित पुढे होती. मात्र ज्या घरांना बाहेरून हेटाळणी जाणवत होती, त्या घरांतील मुलांचे स्वास्थ्य खालावलेले दिसले. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘समाज त्या मुलाला चिडवेल’ हा आक्षेप सद्भावनेने घेणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांची भीती खोटी नाही. मुले चिडवली जातात. पण या कारणासाठी घरच नाकारायचे, तर दलित मुलाला शाळेत अपमान सोसावा लागेल म्हणून शाळेत पाठवू नये, असेही म्हणावे लागेल. अपमान करणाऱ्याला सुधारण्याऐवजी अपमान होणाऱ्याची जागा काढून घेण्याचा हा मार्ग आपण एकदा नाकारलेला आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, एप्रिल २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला आणि दत्तकाच्या हक्काला पाठिंबा देताना अशा मुलांना कलंकाला तोंड द्यावे लागू शकते हे उघडपणे मान्य केले आणि कुटुंब, शाळा व समाज यांनी सजग व्हावे, असे सांगितले. आणि कायदा जेव्हा स्वतःच एका पालकाला ‘कोणी नाही’ ठरवतो, तेव्हा वर्गातल्या चिडवणाऱ्या मुलाला तो एक प्रकारे पाठबळच देत असतो.

गौरी सावंत यांची कहाणी २०१७ मध्ये एका जाहिरातीतून घराघरांत पोहोचली. देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीच्या मृत्यूनंतर तिच्या लहान मुलीला या तृतीयपंथी कार्यकर्तीने वाढवले, हे पाहून लोकांचे डोळे भरून आले, आणि ते खरेच होते. मला वाटते, आपली सहानुभूती कमी पडत नाही. ती एका कुटुंबापाशी येऊन थांबते आणि नियमापर्यंत पोहोचत नाही. जूनमध्ये शाळेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या पालकाला जाहिरातीतल्या टाळ्यांचा उपयोग होत नाही.

याहून कमी दिसणारी, पण संख्येने मोठी असावी अशी एक व्यथा आहे. स्त्रीशी लग्न झालेला समलिंगी पुरुष, पुरुषाशी लग्न झालेली समलिंगी स्त्री, मुले झाल्यावर कधीतरी खरे बोलतात आणि विभक्त होतात. फसवणूक झालेल्या जोडीदाराचे दुःख मोठे आहे आणि त्याला न्याय मिळालाच पाहिजे. पण ताब्याच्या वादात लैंगिक कल हेच हत्यार होते, आणि ते वापरले जाईल या भीतीने अनेक जण मुलाची भेट मागायलाही धजावत नाहीत. पालकत्व आणि ताबा ठरवताना मुलाचे हित सर्वोपरि, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम म्हणतो. ६ सप्टेंबर २०१८ पासून समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. तेव्हा कौटुंबिक न्यायालयात एकच विचारले जावे की हा माणूस मुलाशी कसा वागतो.

करायचे काय, हे फार अवघड नाही. विनियम ५(३) हा संसदेचा कायदा नाही, केंद्र सरकार आणि ‘कारा’ यांनी बदलता येण्याजोगा विनियम आहे. घरातल्या दोन्ही व्यक्तींची होम स्टडी उघडपणे व्हावी आणि संयुक्त दत्तकाला विवाहाऐवजी सहजीवनाच्या पुराव्याची अट असावी. एका पालकाने आधीच दत्तक घेतले असेल, तर दुसऱ्याला त्याच मुलाचा पालक होण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता यावा, आणि आदेशासोबतच त्याच्यावर पोटगीची व संगोपनाची जबाबदारी यावी. यासाठी कदाचित मूळ अधिनियमातही दुरुस्ती लागेल, आणि तिला वेळ लागेल हे मला कळते.

पण वाट पाहावी न लागणारीही कामे आहेत. जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने कोळिकोडमधील एका ट्रान्सजेंडर जोडप्याच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘आई’ आणि ‘वडील’ यांऐवजी फक्त ‘पालक’ असे लिहिण्याचा आदेश दिला. आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर त्या मुलाला खुलासा करावा लागू नये म्हणून त्या दोघांनी ते मागितले होते. महाराष्ट्राने तर १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत घेतला. रकाने बदलता येतात, हे या राज्याने स्वतः दाखवून दिले आहे. शालेय शिक्षण विभागाने प्रवेश अर्जावर ‘पालक १’ आणि ‘पालक २’ असे रकाने ठेवावेत, आणि कायदेशीर पालकाने लेखी दिले असल्यास घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला मुलाला नेण्याचा व पालकसभेला बसण्याचा अधिकार असेल, असे परिपत्रक काढावे. आणीबाणीच्या उपचारांत अशा लेखी अधिकारपत्राच्या आधारे दुसऱ्या पालकाची संमती ग्राह्य धरण्याची स्पष्ट सूचना सार्वजनिक आरोग्य विभागाने सर्व रुग्णालयांना द्यावी. यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही, आणि पुढच्या शैक्षणिक वर्षाचे अर्ज छापायला अजून अवधी आहे.